गॅरंटी पायरीपर्यंत

सातारा-सांगली पट्ट्यात माणसांचा एक नमुना हमखास सापडतो. वस्तू हातात घेतली की बाकीचे लोक किंमत विचारतात, हा विचारतो, "टिकतंय किती?" चपलेला हाच प्रश्न, छत्रीला हाच, भाचीला सांगून आलेल्या मुलाच्या नोकरीला हाच आणि बातम्या लागल्या की सरकारलाही हाच.

आमच्या शेजारचे आबा हे त्यातलं अव्वल पीस. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. त्यांनी केलेले रस्ते किती टिकले असं कुणी खोचकपणे विचारलंच, तर आबा शांतपणे सांगतात, "इस्टिमेट टिकाऊ होतं. पाऊस इस्टिमेटात नव्हता."

पाहुणे आले की सातारकर त्यांना कासला नेतात. आबा नेत नाहीत. "दोन-चार आठवड्यांत वाळणारी फुलं. काय बघायचंय त्यात?" कंदी पेढ्याचं ते तोंड भरून कौतुक करतात, पण चवीसाठी नव्हे, खवा चांगला भाजलेला असल्यामुळे तो बरेच दिवस राहतो म्हणून. पाहुण्यांना ते नेतात लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर. शाहू महाराजांच्या काळातलं दगडी काम. तिथल्या पायऱ्यांवर उभं राहून आबा विचारतात, "याला डिफेक्ट लायबिलिटी किती वर्षांची असंल?" पाहुणे गप्प. मग आबाच समजावतात, की रस्ता केला तर ठेकेदारानं ठरावीक मुदतीपर्यंत तो स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. इथला ठेकेदार जाऊन तीनशे वर्षं झाली, दगड हललेला नाही. सांगलीला बहिणीकडं गेले की आधी आयर्विन पुलाचं दर्शन, मग गणपतीचं. पूल 1929 सालचा. त्यानं 2005 चा पूर बघितला, 2019 चा बघितला. गणपती रागावत नसावा. त्याचंही देऊळ काळ्या दगडातलंच आहे.

अशा माणसाच्या गाडीचा हेडलाइट वर्षात तिसऱ्यांदा गेला.

गाडी कुठली ते सांगत नाही. पंधराएक वर्षांची, पांढरी, आणि तिच्यासारखी आमच्या गल्लीत आणखी दोन आहेत. बल्ब कधी डावा जायचा, कधी उजवा. एका डोळ्याची गाडी रात्री एकेरी रस्त्याला आणली की समोरच्याला ती मोटारसायकल वाटते, आणि तो मोटारसायकलच्या वाटणीचा रस्ता ठेवून बाकीचा सगळा आपल्या नावावर करून घेतो.

आबांचं आणि दिव्यांचं तसंही जुनं वाकडं. तरुणपणी त्यांच्याकडं प्रिया स्कूटर होती, साताऱ्यातल्याच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात जन्मलेली. तिच्या दिव्याला वीज इंजिनाच्या मॅग्नेटोवरून यायची. इंजिन जोरात पळालं तर उजेड, मंदावलं की अंधार. म्हणजे वळण आलं, माणसानं शहाणपणानं वेग कमी केला, की नेमका तेव्हाच रस्ता गायब. आबा म्हणतात, "यवतेश्वरच्या घाटात मी कधी धाडस म्हणून गाडी पळवली नाही. पुढचं दिसावं म्हणून पळवली."

तर तिसरा बल्ब गेल्यावर आबांनी जाहीर केलं, "आता लावायचा तो शेवटचा." काकू आतून म्हणाल्या, "अहो, कुणाचा शेवटचा?" पण आबा तोपर्यंत चपला घालून बाहेर पडले होते.

पहिली फेरी पोवई नाक्याकडच्या एका दुकानात झाली. मी सोबत होतो. दुकानदारानं काउंटरवर खोकी मांडली. आबांच्या गाडीला लागतो एच-फोर: एका काचेत दोन फिलामेंट, अप्परला 60 वॅट, डिप्परला 55. 1971 साली हा बल्ब युरोपात आला आणि अजून आपल्या जुन्या गाड्यांच्या नाकाडावर बसलेला आहे. आबांना एवढ्यावरच तो आवडला होता. पण एच-फोरमध्येही पोटजाती निघाल्या.

"हा साधा. हा व्हाइट, एलईडीगत पडतो. हा शंभर टक्के जादा उजेडाचा. आणि हा लाँग लाइफ, पण तो कुणी मागत नाही."

कुणी मागत नाही म्हटल्यावर आबांचा चेहरा फुलला. "किती तास?"

"तास?"

"जळतो किती तास?"

"आबा, मी बल्ब विकतो. मुदत ठेव नाही."

"खोक्यावर चौपट आयुष्य लिहिलंय. कशाच्या चौपट?"

"साध्याच्या."

"साध्याचं किती?"

"ते साध्याच्या खोक्यावर लिहीत नाहीत."

"आणि गॅरंटी?"

दुकानदारानं मान न वळवता मागच्या पाटीकडं बोट केलं. इलेक्ट्रिक मालाची गॅरंटी नाही, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग आबांचं वय बघून त्यानं थोडी सवलत दिली. "इथं बॅटरीवर लावून दाखवतो. पेटला की पायरीपर्यंत आपली गॅरंटी. पायरी उतरली की तुमचं तुम्ही."

आबा पायरी उतरले. बल्ब न घेता.

शासकीय शिस्तीत वाढलेला माणूस. तीन दरपत्रकं आल्याशिवाय त्यांना खरेदी पचत नाही. दुसरं दरपत्रक कराडचं. तिथल्या दुकानदारानं आबांना थेट नव्वद-शंभरचा बल्ब दाखवला. "काका, घाटात झाडावरचं माकड दिसंल."

"मला माकड बघायचं नाही. होल्डर वितळत नाही का यानं?"

"वितळतो की. म्हणून सिरॅमिकचा होल्डर येतो. आणि वायर तापती, म्हणून रिलेचं किट."

आबांनी वहीत लिहून घेतलं: बल्ब टिकवण्यास होल्डर, होल्डर टिकवण्यास रिले, गाडी टिकवण्यास काय? आणि एवढ्या वॅटचा दिवा कायद्यात बसतो का, असं विचारल्यावर दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं लक्ष दिलं.

तिसरं सांगलीचं. घरी येऊन आबांनी तुलनात्मक तक्ता काढला: मेक, वॅट, दर, रंग, विक्रेत्याचे वर्तन. शेवटचा रकाना आयुष्याचा. तो शेवटपर्यंत रिकामा राहिला, म्हणून आबा मुळाशी गेले. नातू इंजिनिअरिंगला आहे; त्याला सुट्टीत पकडलं.

नातवानं सांगितलं ते असं. बल्बातली तार टंगस्टनची. ती इतकी तापते की तिच्यावरचं टंगस्टन हळूहळू उडून जातं आणि एक दिवस पातळ झालेल्या जागी तार तुटते. हॅलोजन बल्बात आयोडीन किंवा ब्रोमीनच्या कुळातला वायू थोडासा भरलेला असतो. तो उडालेल्या टंगस्टनला काचेवर बसू देत नाही, पकडून पुन्हा तारेवर आणून सोडतो. त्यामुळे काच काळी पडत नाही आणि तार जास्त तापवता येते.

"मग तार तुटते कशाला? गेलेलं परत येतंय की."

"परत येतं, आबा, पण जिथून गेलं तिथंच येत नाही. जिथं तार थंड असते तिथं बसतं. पातळ झालेली जागा पातळच राहते."

आबा खुर्चीत सरळ बसले. उभ्या नोकरीत त्यांना एवढं लख्ख काही कळलं नव्हतं. "म्हणजे खड्डा एकीकडं आणि मुरूम दुसरीकडं! अरे, हे तर आमचंच खातं."

नातवानं त्यांना आणखीही एक सांगितलं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. तारेला पाच टक्के व्होल्टेज जादा दिलं की उजेड पाचव्या-सहाव्या हिश्शानं वाढतो आणि आयुष्य निम्म्यावर येतं. जादा उजेडाच्या बल्बची तार मुळातच जास्त तापेल अशी केलेली असते. तो लवकर मरतो. व्हाइट बल्बच्या काचेवर निळसर लेप असतो, तो पिवळा प्रकाश खाऊन टाकतो आणि ती तूट भरून काढायला तार आणखी तापवावी लागते. तोही लवकर मरतो, वर पावसात रस्ता नीट दाखवत नाही. लाँग लाइफवाल्याची तार जरा सबुरीनं तापते. तो टिकतो, पण उजेडाला हात आखडता. एका तारेतून काय काढायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि खोक्यावर जे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं त्याचे पैसे छोट्या अक्षरातून वसूल होतात.

नातू इथंच थांबला असता तर बरं होतं. त्यानं आजोबांना फीबस कार्टेलची गोष्ट सांगितली. 1924 साली जिनिव्हात ओसराम, फिलिप्स आणि आणखी काही बड्या बल्ब कंपन्या एकत्र बसल्या आणि घरगुती बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणायचं ठरवलं. ज्याचा बल्ब त्यापेक्षा फार जास्त टिकेल त्या कंपनीला दंड.

"दंड?" आबा उभे राहिले. "जास्त टिकला म्हणून दंड?"

पुढचा आठवडाभर राजवाड्याच्या चौपाटीवर फिरायला येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाला जिनिव्हाची बातमी कळली. आयुष्यभर जो संशय मनात होता त्याला कागदोपत्री पुरावा मिळाला होता. जोडीला कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला बल्बही मिळाला, 1901 सालापासून जळतोय तो. आबांनी त्याचा फोटो मोबाइलवर लावला. त्या जागी आधी विठोबा होता.

रात्री सांगलीला फोन लावला. "दाजी, सव्वाशे वर्षं चालतोय बल्ब!"

दाजी म्हणजे आबांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मार्केट यार्डात हळदीची अडत. स्वभावानं आबांचं दुसरं टोक. "उजेड किती पडतोय त्याचा?"

आबांनी बघितलं. जेमतेम 4 वॅटचा.

"मग काय ओ आबा! त्या उजेडात गाडी हाणायची तर पुढं एक माणूस कंदील घेऊन पळवाय लागंल."

दाजींचं तत्त्व साधं: उजेड नादखुळा पाहिजे, आयुष्य देवाच्या हातात. हॅलोजनच्या जागी त्यांनी पांढऱ्याशुभ्र एलईडी बसवल्या होत्या. गाडी गल्लीत शिरली की समोरच्या घरातली कोंबडी उठायची. पण तारेच्या दिव्यासाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बसवली की उजेडाची जागा थोडी चुकते आणि तो रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यात जातो. दाजींच्या गाडीला समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिप्पर देऊन शिव्या घालत असे. दाजी समजत, ओळखीचा आहे; हात करत.

दाजींच्या घरी कार्य होतं म्हणून आम्ही आबांच्याच गाडीनं निघालो. दिवस उसाचे. वाटेत अंधार पडला आणि उंब्रज सोडलं तोवर उजवा दिवाही गेला. पेठ नाक्यावर एका टपरीवजा दुकानात जे मिळेल ते, सगळ्यात स्वस्त, आबांनी 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून दोन्ही बाजूंना टाकलं. त्या बल्बांकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही. त्यांच्या मनात फक्त शेवटचा बल्ब होता.

पेठहून आष्ट्यामार्गे सांगली हा रस्ता हंगामात रात्री ज्यानं काढला असेल त्याला जास्त सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर लोंबणारा ऊस, त्याखाली गाडला गेलेला मागचा दिवा आणि चिखलानं माखलेला रिफ्लेक्टर. बैलगाड्यांची रांग असेल तर बैलांचे डोळे चमकतात तेवढीच खूण, तीही समोरून येत असतील तर. चाळीसेक किलोमीटर आबा डॅशबोर्डला धरून बसले होते. टिकाऊपणाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

जेवताना दाजींनी बरोबर तिथंच बोट ठेवलं. "आबा, बल्ब धा वर्षं टिकंल ओ. पर ट्रॉली दिसली न्हाई तर आपुन टिकाय नको?"

आबांनी भात कालवला. बराच वेळ कालवला. मला वाटतं, त्या एका वाक्यानं तक्त्यातले सगळे रकाने हलले. पण पन्नास वर्षांचा प्रश्न एका जेवणात सोडून देणं त्यांच्यात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सांगलीच्या दुकानात गेले आणि लाँग लाइफच्या दोन जोड्या घेऊन आले. एक लावायला, एक राखीव. "आता लावून टाकू," म्हणून दाजी आम्हाला शंभरफुटी रस्त्यावरच्या त्यांच्या वायरमनकडं घेऊन गेले.

वायरमन पोरगाच होता. नव्या खोक्यांकडं त्यानं बघितलंही नाही. आबांनी जपून ठेवलेले गेलेले बल्ब हातात घेतले, उजेडाकडं धरून बघितले आणि विचारलं, "काका, बॅटरीत पाणी किती दिवसानं घालता?"

आबांची वही तयारच होती. गाडीचं सगळं त्यात असतं. दर महिन्याला, कधी तीन आठवड्यांनी. तारीखवार.

"दर महिन्याला? आणि तुमाला काय वाटलं न्हाई?"

"नोंद केली की," आबा म्हणाले.

पोरानं इंजिन चालू करून ॲक्सिलेटर दाबायला लावला आणि बॅटरीला मीटर लावला. 15.6. "चौदा साडेचौदाच्या वर जाऊ नये. अल्टरनेटरचा आयसी गेलाय. चार्जिंग जादा आहे. बल्ब जात न्हाईत काका, तुमी मारताय त्यास्नी."

आबा बॉनेटला टेकून हिशेब करायला लागले. व्होल्टेज दहा टक्के जादा. पाच टक्क्यांना आयुष्य निम्मं, आणखी पाचला निम्म्याचं निम्मं. म्हणजे चौथाई. चौपट टिकणारा बल्ब, चौथाई आयुष्य. ते खाली बसलेल्या पोराला मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे हे लावले असते तर साध्याएवढेच टिकले असते की रे!"

"त्याच्याआधी बॅटरी उकळली असती," पोरगा म्हणाला.

आयसी बदलला, अर्थिंगचं टोक घासून घट्ट केलं, मीटर 14.2 वर येऊन उभा राहिला. दाजींनी नव्या बल्बचं खोकं उघडायला घेतलं तेव्हा आबांनी त्यांचा हात धरला. पेठ नाक्यावरचे तात्पुरते बल्ब चालू होते. चालू बल्ब काढून ठेवायचा? वहीत कारण काय लिहिणार? "हे जाऊ देत. मग लावू."

ते गेले नाहीत. पावसाळा आला, गेला. पेठ नाक्यावरचे ते बिननावाचे स्वस्त बल्ब जळत राहिले. लाँग लाइफच्या दोन जोड्या कपाटात, काकूंच्या पैठणीच्या वर. आबा अस्वस्थ झाले. संध्याकाळी कारण नसताना दिवे लावून लिंब फाट्यापर्यंत चक्कर मारून यायला लागले. काकू म्हणाल्या, "दोनशेचा बल्ब जाळायला हजाराचं पेट्रोल घालताय. लावा ना नवे!"

"हे गेल्यावर."

"आणि हे जाणार कधी?"

"काही भरवसा नाही बघ," आबा चिडून म्हणाले.

दिवाळीत वाट सापडली. दाजींच्या एलईडीच्या मागचा बारका पंखा धुळीनं अडकला आणि एक दिवा लुकलुकायला लागला. भाऊबिजेला आबा सांगलीत हजर. आदल्या रात्री त्यांनी एका जोडीच्या पत्र्याच्या कड्यावर दाभणानं बारीक कोरलं होतं, आ-1, आ-2, आणि खाली तारीख. हे करताना काचेला बोट लागू द्यायचं नाही, कारण हाताचं तेल लागलं की तापल्यावर तेवढ्याच जागी काच कमजोर होते. म्हणून धुतलेलं फडकं, आणि कुणीही जवळ यायचं नाही. काकू म्हणाल्या की आमच्या सासूबाईंचं सोवळं एवढं कडक नव्हतं. बहिणीनं ओवाळलं आणि आबांनी ताटात साडीच्या पाकिटावर बल्बांची जोडी ठेवली. ओवाळणीचा दिवा लगेच दाजींच्या गाडीत चढला. कोंबडी झोपायला लागली. समोरून येणारे शिव्या घालेनात, त्यामुळे दाजींना हात करायला कुणी उरलं नाही.

पण दर रविवारी सकाळी आठला फोन यायला लागला. "दाजी, चालू हाय का?" चालू आहे. "किती फिरली गाडी?" मीटरचा आकडा. "त्यातली रात्रीची किती?" हळदीच्या सौद्यातसुद्धा दाजींना एवढा हिशेब कुणी मागितला नव्हता. दोन-अडीच महिने त्यांनी काढले. मग एका रविवारी त्यांचा धीर सुटला.

"गेला ओ आबा. परवा रात्री. आ-2."

पलीकडं थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग आबा म्हणाले, "टाकू नका. मी येतोय बघायला."

दाजी तसेच शंभरफुटीला पळाले. वायरमनकडं जळक्या बल्बांनी भरलेला ऑइलचा डबा होता. दाजींनी त्यातून एक एच-फोर शोधून काढला आणि किंमत विचारली. पोरगा म्हणाला, "जळक्याची? घेऊन जावा. आजवर कुणी मागितला न्हाई."

दुपारी आबा आले. पाणीसुद्धा न पिता त्यांनी चष्मा लावला, बल्ब कड्याला धरून फिरवला, पुन्हा उलटा फिरवला. "दाजी, हा आपल्या साठ्यातला नाही. नंबर कुठाय?"

दाजींनी बहिणीकडं बघितलं. बहीण चहा टाकायला आत गेली. बाहेर अंगणात आ-2 गाडीत व्यवस्थित बसला होता. आबांनी जाऊन स्वतः स्विच दाबला, अप्पर, डिप्पर, अप्पर, आणि वहीत 'चालू' असं लिहिलं. दाजी खाली मान घालून उभे होते. आता जिनिव्हापासून सगळं ऐकावं लागणार, अशी त्यांची तयारी झाली होती.

आबा परत आत आले, तो जळका बल्ब त्यांनी टेबलावरून उचलला आणि उजेडाकडं धरला.

"बरं," ते म्हणाले, "मग हा कुणाचा? किती टिकला होता?"